उघडून पाहणारं गाव



मराठीतला पहिला दिवाळी अंक ज्या मासिकाने काढला, त्याचं नाव 'मनोरंजन' होतं. संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र. मूळचे आजगावचे, आडनाव आजगावकर. बंगाली साहित्याचा ध्यास लागला आणि त्यांनी 'मित्र' हे नाव धारण केलं. १८९५ साली त्यांनी मासिक सुरू केलं आणि १९०९ च्या दिवाळीत, इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांची कल्पना उचलून, मराठी घरासाठी खास अंक सिद्ध केला. कल्पना परक्या मुलखातली होती. आज ती इतकी आपली झाली आहे की फराळाच्या ताटाशेजारी अंक नसेल तर दिवाळी अपुरी वाटते. तेव्हा मनोरंजन हा विषय दिवाळी अंकाच्या उंबऱ्याबाहेरचा नाही, त्याच्या बारशापासूनचा आहे. या वर्षी संपादकीय त्याच विषयावर लिहितो आहे.

गेली अनेक वर्षं मी एक वही ठेवतो. वर्षभरात जे पाहून, ऐकून, वाचून मन भरून आलं आणि जी नवी यंत्रं-तंत्रं हाती आली, त्यांची विषयवार नोंद त्या वहीत असते. नवरात्रात अंकाची शेवटची पानं छपाईला गेली की वही उघडायची आणि त्यातून संपादकीयाचा विषय काढायचा, असा शिरस्ता. यंदा वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली. मला ज्या ज्या गोष्टीने आनंद दिला होता, ती बहुतेक जुनीच होती. कुणीतरी ती उघडून पाहिली होती, तिच्यातला बिघाड शोधला होता, धूळ झटकली होती आणि ती पुन्हा चालती-बोलती केली होती. आपल्या भाषेत 'शोध घेणं' आणि 'शोध लागणं' असे दोन प्रयोग आहेत. पहिला कष्टाचा, दुसरा आनंदाचा. वहीतल्या प्रत्येक नोंदीमागे आधी कुणीतरी शोध घेतला होता, म्हणून मला तो लागला.

हे मला कोल्हापुरात बसून सुचलं, यात नवल नाही. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्राची हळद-कुंकू लावून पूजा होते आणि दसरा उलटला की कुणीतरी पाना-पक्कड घेऊन तेच यंत्र खोलून बसतं. शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभ्या असलेल्या माणसाला परदेशी यंत्राचा मोडका भाग दाखवा, तो आधी हातात घेऊन वजन बघेल, बोटाने आटे चाचपेल आणि म्हणेल, "परवा या, करून ठेवतो." हा विश्वास शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचा पुतळा कुणी उभारला असेल तर तो खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ.

त्या कॅमेऱ्याची गोष्ट कोल्हापूरकरांना पाठ असते, तरी ती दर दिवाळीला सांगावी अशी आहे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, नात्याने भाऊ, त्या हलत्या चित्रांनी भारावून गेले. दोघांनाही एकच ध्यास लागला: हे यंत्र आपणही करायचं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन, लेथवर एकेक भाग कातून त्यांनी १९१८ पर्यंत कोल्हापुरात कॅमेरा तयार केला. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैशाची निकड होती, तेव्हा गायिका तानीबाई कागलकर पाठीशी उभ्या राहिल्या. एका गायिकेच्या गळ्याने कमावलेल्या पैशावर इथला सिनेमा उभा राहिला, हे मला कायम फार मोठं वाटत आलं आहे. १९२० मध्ये 'सैरंध्री' पुण्याला पडद्यावर आला. १९२५ मध्ये 'सावकारी पाश' आला, ज्यात तरुण व्ही. शांताराम कर्जात बुडालेला शेतकरी झाले होते. देवादिकांच्या कथा सांगायला शिकलेलं यंत्र बाबूरावांनी बांधावरच्या माणसाकडे वळवलं. यंत्र आपलं झालं ते कॅमेरा तयार झाला त्या दिवशी नव्हे. ते या दिवशी आपलं झालं.

आणि आज? 'सैरंध्री' आपल्याला पाहता येत नाही. ती फिल्म उरलेली नाही. मूकपटांच्या काळातला बहुतेक ठेवा असाच जळून, विरून, हरवून गेला. यंत्र करणारं गाव ठेवा जपण्यात कमी पडलं, ही बोच मनात ठेवूनच मी यंदाची वही उघडली.

वहीतल्या पहिल्या काही नोंदी सिनेमाच्या आहेत.

मार्चमध्ये जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' पाहिला. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, कापूस पिकवणारा बाप, शिकून नोकरी करू पाहणारी मुलगी आणि पुन्हा पुन्हा होणारा 'बघण्याचा' कार्यक्रम. पाटावर बसलेल्या मुलीला नाव, उंची, शिक्षण, छंद विचारणारी तीच माणसं, तेच प्रश्न. गावातल्याच माणसांनी कामं केली आहेत, त्यामुळे वऱ्हाडाच्या पलीकडची ती बोली पडद्यावर उसनी वाटत नाही. चहाचा ट्रे घेऊन ती मुलगी बाहेर येते तेव्हा आमच्या रांगेतल्या दोन-तीन बायका एकदम गप्प झाल्या. त्या शांततेत किती जणींचे कांदेपोहे होते, ते मोजता आलं नसतं.

सप्टेंबरात रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' आला. जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक त्याने मिळवलं होतं, ती बातमी तेव्हाच वहीत चिकटवली होती. वडिलांच्या दशक्रियेसाठी मुंबईहून गावी आलेला तरुण, सुतकाचे दहा दिवस, त्या दिवसांतले पायात चप्पल न घालण्यापासूनचे नियम आणि बालपणीच्या मित्राशी जुळलेलं प्रेमाचं नातं. पार्श्वसंगीताचा आधार न घेता हा चित्रपट चालतो. शेळ्यांचा आवाज, वारा, लांबून येणारी हाक, एवढंच कानावर येतं. दोन पुरुषांमधल्या प्रेमाची गोष्ट इतक्या हळुवारपणे आणि गावाला कुठेही कमी न लेखता मराठीत सांगितली गेली, याचा मला मनापासून अभिमान वाटला. साबर बोंड म्हणजे निवडुंगाचं लाल फळ; ते काट्यांतून काढून, सोलून दुसऱ्याच्या हातावर ठेवणं, यापेक्षा प्रेमाची वेगळी व्याख्या मला करता येणार नाही.

आणि 'दशावतार'. सुबोध खानोलकर यांच्या या चित्रपटात एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर कोकणातल्या वृद्ध दशावतारी कलावंताच्या रूपात उभे राहतात. चित्रपटगृह भरलेलं होतं. पिढ्यान्पिढ्या रात्री देवळासमोर जागणारी कला मोठ्या पडद्यावर आली आणि शहरातली पोरं ती बघायला तिकीट काढून आली. मध्यंतरात एक मुलगा बापाला विचारत होता, "पप्पा, हे खरंच असतंय? आपण बघायला जायचं?" त्या प्रश्नासाठीच सिनेमा करायचा असतो.

तीन गावं, तीन बोली. यातली एकही गोष्ट पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात घडत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण पेढे वाटून साजरा केला. पण भाषेचं अभिजातपण मला यंदा या चित्रपटगृहांच्या अंधारात दिसलं. प्रत्येक बोली आपापल्या जागी ताठ उभी होती.

नाटकाच्या नोंदीशी मात्र हात थबकतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं हे नाट्यगृह आणि शेजारी खासबाग मैदान. एका भिंतीला टाळ्या, दुसऱ्या बाजूला लाल मातीतले शड्डू. गाणं आणि कुस्ती एकाच आवारात नांदवणारा राजा आमचा होता. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडलेली माणसं मी पाहिली. त्यात नट होते, पडदे ओढणारे होते आणि आयुष्यात एकदाच शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या रंगमंचावर उभे राहिलेलेही होते. या वर्षी तिथे पुनर्बांधणी सुरू झाली. येता-जाता मी दोन मिनिटं थांबतो. दगडी भिंतींना बांबूंचा पहाड बांधलेला पाहून आजारातून उठणाऱ्या घरच्या माणसाला पाहिल्यासारखं वाटतं.

जानेवारीत 'संगीत मानापमान' नव्या रूपात चित्रपट म्हणून आला, तेव्हा मी घरी येऊन जुनी पदं लावली. खाडिलकरांचं हे नाटक १९११ चं. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी याच नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. मूळ चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे आमच्या कोल्हापुरात वाढलेले. त्यांचं आयुष्य मी या वर्षी नव्याने वाचलं आणि तो माझ्या वर्षाचा एक मोठा शोध ठरला. ते हार्मोनिअम वाजवत. ही पेटी युरोपातून आलेली. आपल्या गाण्याच्या मिंडेला ती पुरी पडत नाही, असा आक्षेप इतका जोरदार होता की १९४० ते १९७१ अशी तीन दशकं आकाशवाणीवर हार्मोनिअमला बंदी होती. टेंबे यांच्या बोटांखाली मात्र ती मराठी बोलली. पुढे त्याच टेंब्यांनी १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिलं. मराठीतला हा पहिला बोलपट प्रभातने कोल्हापुरातच केला. पेटी, संगीत नाटक, बोलपट: आयुष्यात तीनदा नवं तंत्र समोर आलं आणि तीनही वेळा या माणसाने घाबरून पाठ फिरवली नाही की भाळून आपला सूर सोडला नाही. नव्या यंत्राशी कसं वागावं, हे शिकायला मला यापेक्षा चांगला गुरू सापडला नाही.

आता घरातली एक नोंद.

माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. राधानगरीकडच्या खेड्यात आयुष्य गेलं. शाळा चौथीपर्यंत. वाचते, पण लिहायचं म्हटलं की हात आखडतो. पावसाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली होती. एका संध्याकाळी मी तिला मोबाईलवर जात्यावरच्या ओव्या ऐकवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या 'परी' या पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहात सगळ्यांना वाचता-ऐकता येतात. गाणारीचं नाव, गाव, फोटो, सगळं तिथे आहे. लोकगीत म्हटलं की कर्ता अज्ञात, असं आपण शाळेत शिकलो. इथे प्रत्येक ओवीला तिची धनीण मिळाली आहे.

आत्या दोन ओव्या ऐकून म्हणाली, "ही आमच्यात अशी न्हाई म्हणत बाळा. शेवट येगळा हाय." आणि ती गाऊ लागली. माझ्या आज्जीची, तिच्या आईची ओवी. मी ती जन्मात ऐकली नव्हती.

मग मी फोनवरची मराठी बोलून लिहिण्याची सोय चालू केली. ती सोय २०१७ पासून आपल्या खिशात आहे. माझ्या मनात ती तोवर पत्राचा मजकूर घाईत सांगण्यापुरतीच होती. आत्या बोलू लागली आणि तिच्या डोळ्यांसमोर अक्षरं उमटू लागली. ती थांबली. पडद्याकडे बघत राहिली. "ह्ये मी म्हटल्यालं हाय?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने पदराने चष्मा पुसला आणि पुढची ओवी सुरू केली.

यंत्राला तिची बोली सगळी कळली नाही. 'माह्यार'चं त्याने भलतंच काही केलं, बैलांच्या नावांचा तर पार गोंधळ केला. रोज संध्याकाळी आम्ही दोघं बसून चुका दुरुस्त करायचो. तिथेच मला उमगलं की खरं काम या दुरुस्तीत आहे. प्रत्येक चुकलेल्या शब्दाशी आत्या थांबायची, त्याचा अर्थ सांगायची, तो कुणाच्या तोंडचा ते सांगायची. यंत्राने सगळं बिनचूक टिपलं असतं तर मला ओव्या मिळाल्या असत्या. चुकलं म्हणून आत्या मिळाली.

याच कामात दुसरा एक सोबती भेटला: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत आणि शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर सर्वांसाठी खुला ठेवला आहे. कोश जुनाच, घरी त्याचा जाड ग्रंथही आहे. पण आत्याने एखादा शब्द उच्चारावा आणि दुसऱ्या क्षणी दीडशे वर्षांपूर्वीच्या कोशात तो सापडावा, याचा आनंद वेगळा होता. ज्या शब्दांना आपण 'अडाणी' म्हणून शाळेच्या दाराबाहेर उभं केलं, ते कोशात रुबाबात बसलेले होते. मी आत्याला सांगितलं, "तुझा शब्द पुस्तकात आहे." ती म्हणाली, "असणारच की. आमी काय खोटं बोलताव व्हय?"

वहीतली पुढची नोंद जुलैची आहे. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी, पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर, मोडी लिपीतलं हस्तलिखित वाचून देवनागरीत उतरवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली तयार केल्याची ती बातमी. त्यासाठी जाणकारांकडून तपासून घेतलेल्या दोन हजारांहून अधिक मोडी प्रतिमांचा संच त्यांनी सिद्ध केला आणि तो इतर अभ्यासकांनाही खुला केला.

ज्यांच्या घरात जुना कागद आहे, त्यांना या बातमीचं मोल सांगावं लागणार नाही. यादवांच्या काळापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपला सगळा व्यवहार मोडीत चालला. सनदा, वतनाचे तंटे, कर्जरोखे, सुनेला लिहिलेली पत्रं, वैद्याचे काढे, सगळं त्या वळणदार, हात न उचलता लिहिलेल्या अक्षरांत. नंतर लिपी शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत घरचा कागद घरच्यांनाच परका झाला. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी कागदांचे रुमाल आहेत, तसेच ते कित्येक वाड्यांच्या माळ्यांवरही आहेत. वाचणारी माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकी.

आमच्या घरीही असा एक रुमाल आहे. पणजोबांची गुळाची अडत होती. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गूळ घेऊन येणाऱ्या गाड्यांचे हिशेब त्यात असावेत, एवढंच आम्हाला ऐकून माहीत. ओळखीतला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी अशा साधनांवर प्रयोग करतो आहे. त्याने दोन पानांचे फोटो काढून यंत्राला दिले. वाचन अर्धंमुर्धं आलं, चुका पुष्कळ होत्या. मग आम्ही ती पानं मोडी शिकवणाऱ्या एका वृद्ध गुरुजींकडे नेली. गुरुजींनी भिंग लावून चुका सुधारल्या, मुलगा शेजारी बसून त्या टिपत गेला. हळूहळू कागद बोलू लागला. इतके रवे, अमुक गावचा गाडीवान, इतकी उचल. आणि समासात, हिशेबाशी संबंध नसलेली एक ओळ: गाडीवानाचा बैल वाटेत बसला, त्याला पेंड दिली, ती हिशेबात धरू नये.

पणजोबांना मी पाहिलेलं नाही. त्यांचा फोटोही नाही. त्या एका ओळीने ते मला भेटले.

त्या खोलीतलं दृश्य मला विसरता येत नाही. ऐंशीच्या घरातले गुरुजी, विशीतला मुलगा आणि मध्ये ठेवलेलं यंत्र. गुरुजी म्हणाले, "आता मी गेलो तरी हे वाचणारं कुणी राहील." मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही असेपर्यंतच ते शिकणार आहे." दोघांचंही खरं होतं. म्हणून घाई आहे.

शेवटची नोंद आकाशाची.

मे महिन्यात 'नासा'च्या अभियंत्यांनी एक बातमी दिली. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर-१ यानाच्या दिशा सांभाळणाऱ्या झोतयंत्रांचा एक संच २००४ पासून निकामी मानला गेला होता. त्यांना ऊब देणारे तापक बंद पडले होते आणि ते पुन्हा चालू होणार नाहीत, असं सर्वांनी धरलं होतं. या वर्षी काही अभियंत्यांनी तो जुना निष्कर्ष पुन्हा तपासला. कदाचित तापक बिघडलेले नसतीलच, विद्युतमार्गातलं एखादं बटण चुकीच्या जागी गेलं असेल, असा तर्क त्यांनी केला आणि सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवरच्या यानाला आज्ञा धाडली. संदेश पोहोचायला २३ तासांहून अधिक, उत्तर यायला तेवढेच. उत्तर आलं. एकवीस वर्षांनी ती झोतयंत्रं जागी झाली. उद्यमनगरातल्या कोणत्याही मिस्त्रीला या बातमीतला आनंद समजावून सांगावा लागला नाही. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री एवढंच म्हणाले, "मोडलंय म्हणून टाकून दिलं न्हाई, ह्येच लई भारी."

या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. तीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात मराठीही आहे. संगीताच्या २७ तुकड्यांत भारताचा एक: केसरबाई केरकर यांची भैरवी. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या आणि गाणं उस्ताद अल्लादियाखाँ यांचं. खाँसाहेब शाहू महाराजांच्या काळातले कोल्हापूर दरबारचे गवई. १८८३ पासून सूर सांभाळणाऱ्या आमच्या देवल क्लबच्या दारात आजही त्यांचं स्मरण होतं. तरुणपणी गाण्याच्या अतिश्रमाने खाँसाहेबांचा आवाज बसला आणि पूर्वीचा पुन्हा कधी आलाच नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. ज्या पेचदार, दमसासाच्या गायकीला आज आपण जयपूर-अत्रौली म्हणून मानतो, ती एका बिघडलेल्या गळ्याची दुरुस्ती आहे. तीच आज सूर्याच्या प्रभावाबाहेरच्या अंधारात निघाली आहे.

व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. अकरा दिवसांचं अंतर. मे महिन्यात ती बातमी वाचल्यावर रात्री गच्चीवर जाऊन मी ती साडेतीन मिनिटांची भैरवी ऐकली. अल्लादियाखाँचा स्वतःचा आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही. शिष्येच्या आवाजातून तो कुठवर गेला, हे मात्र आपल्याला मोजता येतं.

या सगळ्या आनंदात एक काळजीही आहे आणि ती लपवून ठेवणं बरं नाही. आज कुणाचाही आवाज यंत्राला हुबेहूब काढता येतो, न घडलेला प्रसंग घडल्यासारखा दाखवता येतो. घराघरांत माना खाली घालून बसलेली मुलं आहेत आणि आई-बापही. ज्या फोनने आत्याला लिहितं केलं, तोच फोन एखाद्या आज्जीला घरात असूनही एकटी पाडतो. म्हणून नव्या यंत्राला मी आता एकच प्रश्न विचारतो: तुझ्यामुळे दोन माणसं शेजारी बसणार आहेत का? चुका दुरुस्त करायला आत्या आणि मी शेजारी बसलो. मोडी वाचायला गुरुजी आणि तो मुलगा शेजारी बसले. बाबूरावांच्या शेजारी दामले होते. एकट्याने बघायचं यंत्र करमणूक करतं. मनोरंजनाला शेजारी कुणीतरी लागतं.

दर अंकाच्या वेळी वाचकांकडे काहीतरी मागायचं असतं, यंदाचं माझं मागणं साधं आहे. भाऊबीजेला घर भरलेलं असेल. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि एकच प्रश्न विचारा: तुम्ही पाहिलेला पहिला सिनेमा कोणता, कुणाबरोबर गेला होता? मग फक्त ऐका. 'सैरंध्री' आपण गमावली. हे आवाज गमावायला नकोत.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात आणि सोलापूरकडे उभी पिकं वाहून गेली, घरं पाण्यात गेली. पंचगंगेचा महापूर पुन्हा पुन्हा अंगावर घेतलेल्या या जिल्ह्याला त्या घरांतला चिखल वेगळा सांगावा लागत नाही. आपल्या पणत्यांतली एक त्यांच्या नावाची असू द्या आणि हात देता येईल तेवढा द्या.

या अंकात नाट्यगृहाच्या आठवणी आहेत, लेथवर आयुष्य घालवलेल्या कारागिरांच्या मुलाखती आहेत, गुऱ्हाळाच्या हंगामावरचा दीर्घ लेख आहे, आणि नेहमीप्रमाणे कथा व कविता आहेत.  

अंकाच्या शेवटच्या पानावर आत्याच्या चार ओव्या छापल्या आहेत. यंत्राने जिथे शब्द बदलला होता, तिथे तिचाच शब्द ठेवला आहे. प्रमाणलेखनाचा नियम तिथे लावलेला नाही. पानाचा पहिला छापील नमुना मी तिला दाखवला. तिने आपल्या नावावरून बोट फिरवलं, मग ओव्यांवरून आणि दुसऱ्या ओवीशी थांबून म्हणाली, "हितं एक शब्द चुकलाय." पान परत मागवलं आणि तो शब्द दुरुस्त केला.

शुभ दीपावली.

– संपादक
कोल्हापूर, दिवाळी २०२५